संग्रहपाल बर्डवुड आणि कपाटांची नावे

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे केळणा नदीच्या काठचे गाव. सांची आणि भारहूत येथील दानलेखांत ते 'भोगवर्धन' या जुन्या नावाने भेटते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावची माणसे दूरदेशीच्या स्तूपांना दान पाठवीत होती. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. त्यात सातवाहनकाळातील एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती हाती आली. तिच्याच जातकुळीची एक मूर्ती तेर येथे मिळालेली आहे, आणि दुसरी १९३८ साली थेट इटलीत, पाँपेई येथे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात सापडली. या मूर्ती कशासाठी घडविल्या गेल्या याविषयी विद्वानांचे तर्क निरनिराळे आहेत. कोणी म्हणतात, आरशाची मूठ असावी. कोणी म्हणतात, एखाद्या लहान आसनाचा पाय असावा.

समजा, ही मूर्ती आपल्याकडे आणून दिली आणि कपाटात ठेवायला सांगितली, तर आपण ती कोणत्या कपाटात ठेवू? मूठ किंवा पाय म्हणून 'हस्तव्यवसाय' या कपाटात, की मूर्ती म्हणून 'शिल्पकला' या कपाटात? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु याच प्रश्नाभोवती एका विद्वान इंग्रज संग्रहपालाचे सारे आयुष्य फिरले. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर चुकले, आणि त्या चुकीतून जे निष्पन्न झाले ते आपल्या वाङ्मयाच्या इतिहासालाही स्पर्श करून गेले. या गृहस्थांचे नाव सर जॉर्ज बर्डवुड. मुंबईच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय पाहिलेल्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल, याची आम्हांला शंका आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

जॉर्ज ख्रिस्तोफर मोल्सवर्थ बर्डवुड यांचा जन्म ८ डिसेंबर १८३२ रोजी बेळगावात झाला. वडील कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात अधिकारी होते. (नावातला 'मोल्सवर्थ' वाचून मराठी वाचकाला कोशकाराची आठवण होणे स्वाभाविकच आहे.) शिक्षण इंग्लंडात आणि मग एडिंबरा विद्यापीठात झाले, तेथून १८५४ साली वैद्यकाची पदवी घेऊन ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८५६-५७ च्या इराणवरील मोहिमेत ते होते. तेथून परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापक झाले. शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, औषधिविज्ञान असे विषय त्यांच्याकडे होते. पुढील दहा वर्षांत या माणसाने मुंबईत किती उद्योग अंगावर घेतले, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. विद्यापीठाचे कुलसचिव, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस, बागाईत आणि शेतकी संस्थेचे चालक, शहराचे शेरीफ, आणि या सर्वांहून अधिक जीव लावून केलेले काम म्हणजे सरकारी मध्यवर्ती वस्तुसंग्रहालयाचे संग्रहपाल.

या संग्रहालयाची जन्मकथा ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीचे बीज तिच्यात आहे. १८५५ साली पॅरिस येथे मोठे प्रदर्शन भरले. त्यासाठी मुंबई इलाख्यातून नमुने गोळा करण्यात आले आणि त्यांची एक जोडी येथेच राखून ठेवण्यात आली. कापूस, तेलबिया, डिंक, रंग, लाकूड, धान्य, धातू आणि हातमागाचे कापड यांची ती मांडणी होती. विलायतेच्या व्यापाऱ्याला इकडे काय पिकते आणि काय बनते हे कळावे, हा तिचा हेतू. म्हणजे हे संग्रहालय सौंदर्याच्या पोटी जन्मलेले नव्हे. ते बाजारपेठेच्या पोटी जन्मलेले. त्याच्या कपाटांवर दोनच नावे होती: कच्चा माल आणि पक्का माल. तिसरे कपाट नव्हतेच.

हा संग्रह प्रथम कोटातील टाउन बराकीत मांडला होता. १८५७ च्या धामधुमीत ती जागा सैन्याला हवी झाली. वस्तू घाईघाईने हलविण्यात आल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा नष्ट झाल्या. उरलेसुरले टाउन हॉलमध्ये येऊन पडले. नवे संग्रहपाल बर्डवुड यांच्या वाट्याला आला तो हा ढिगारा. एखाद्या नोकरदाराने यादी करून वरिष्ठांकडे पाठविली असती आणि हात झटकले असते. बर्डवुड यांनी तसे केले नाही. सरकारच्या तिजोरीवर विसंबून न राहता त्यांनी शहराला हाक दिली. १८५८ मध्ये जाहीर सभा झाली, वर्गणी सुरू झाली, समिती नेमली गेली. अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट, आणि चिटणीस दोघे: डॉक्टर बर्डवुड आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड.

ही जोडी आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. दिवसा रोगी तपासावेत, गरिबांना फुकट औषध द्यावे आणि उरलेल्या वेळात ताम्रपट, नाणी आणि हस्तलिखिते यांत बुडून जावे, असा त्यांचा क्रम. कालिदासाच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध आणि अजिंठ्याच्या कोरीव लेखांचे त्यांनी केलेले वाचन एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघेही वैद्य, दोघेही संग्राहक, दोघेही लोकांच्या पैशाने लोकांसाठी काही उभे करू पाहणारे. तरी एक सूक्ष्म भेद होता. बर्डवुड वस्तू पाहून विचारीत, 'ही कशाची आणि कशासाठी?' भाऊ दगडावरची अक्षरे वाचून विचारीत, 'हे कोणी केले आणि केव्हा?'

त्यांच्या स्नेहाची एक खूण वनस्पतिशास्त्रात राहिली आहे. अरबस्तान आणि सोमाली किनाऱ्यावरील धूपाच्या झाडांचा अभ्यास करून बर्डवुड यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात त्यांनी एका जातीला गव्हर्नर फ्रिअर यांचे नाव दिले आणि दुसरीला भाऊ दाजींचे: बॉसवेलिया भाऊ-दाजियाना. राज्यकर्त्याच्या नावाशेजारी एका देशी विद्वानाचे नाव ठेवणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

१८६२ साली सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते नव्या इमारतीचा पाया घातला गेला. भायखळ्याची बाग त्याच वर्षी खुली झाली. डेव्हिड ससून यांनी घड्याळाचा मनोरा आणि राजपुत्र आल्बर्ट यांचा पुतळा दिला. मुंबईत तेव्हा कापसाचा पैसा वाहत होता. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, १८६५ साली भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि वर्गणीचा झरा आटला. त्याच वर्षी नाना शंकरशेट वारले. अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या. प्रकृती ढासळल्यामुळे १८६८ साली बर्डवुड यांनाही मायदेशी परतावे लागले. पुढे सरकारने उरलेला खर्च उचलला आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी उघडले. ज्या तिघांनी हे मनावर घेतले होते, त्यांतले मुंबईत उरले होते ते भाऊच; आणि तेही १८७४ साली गेले.

येथवरची कथा लोकोपकाराची आहे. एका परक्या माणसाने एका शहराला त्याच्याच वस्तूंचे घर बांधून देण्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, हे कोणत्याही हिशेबाने थोरच म्हटले पाहिजे. आता कथेचा दुसरा भाग.

लंडनला गेल्यावर बर्डवुड इंडिया ऑफिसात रुजू झाले आणि शतक संपेपर्यंत हिंदुस्थानच्या कारागिरीचे तेथील सर्वांत मोठे जाणकार म्हणून ओळखले गेले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनातील हिंदी विभागाची पुस्तिका त्यांनी लिहिली. तिचीच वाढ होऊन १८८० साली 'इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हा ग्रंथ झाला. दुसऱ्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. या ग्रंथात हिंदुस्थानी खेड्याचे एक प्रसिद्ध शब्दचित्र आहे. वेशीपाशी चाकावर बसलेला कुंभार, झाडांच्या सावलीत ताणलेले माग आणि त्यांवरचे रंगीत सूत, आळीतून येणारा तांबटाच्या हातोडीचा नाद, मोहरा आणि रुपये वितळवून दागिने घडविणारा सोनार, आणि संध्याकाळी पाण्याला निघालेल्या बायका. यंत्राच्या मालाने हे सारे मोडून पडेल, असा इशारा बर्डवुड कळवळून देतात. विल्यम मॉरिससारख्या इंग्रज कलावंतांना या लेखनाने भारून टाकले. आनंद कुमारस्वामी यांनीही हिंदी कारागिरावरील आपल्या १९०९ च्या पुस्तकात या शब्दचित्राचा आधार घेतला.

चित्र सुंदर आहे यात वाद नाही. पण ते एका संग्रहपालाने काढलेले चित्र आहे. त्यात प्रत्येक जण आपापल्या खणात नीट बसलेला आहे. खेड्याच्या वेशीबाहेरची वस्ती त्यात दिसत नाही. सावकार दिसत नाही. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनमधून नुकताच होऊन गेला होता, त्याची राख दिसत नाही. बर्डवुड यांच्या ग्रंथानंतर तीनच वर्षांनी, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. तेच दशक, तसेच खेडे. पण येथे शेतकऱ्याच्या घराचे दारिद्र्य, विलायती मालाने बुडालेले कसबी लोक आणि भटा-कामगारांची नागवण आहे. विद्यार्थ्यांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत असे आम्ही सुचवू. एकाला कारागिराच्या हातांवर प्रेम आहे. दुसऱ्याला त्या हातांच्या मालकाची काळजी आहे.

आणि याच ग्रंथात बर्डवुड यांनी एक निर्णय देऊन ठेवला. हिंदुस्थानात कारागिरी अतुलनीय आहे. परंतु पुराणांतील देवदेवतांची रूपे उच्च कलेला सोयीची नाहीत आणि ललित कला या अर्थाने शिल्प व चित्र या देशाला माहीत नाहीत, असा तो निर्णय. ज्या संग्रहालयात दोनच कपाटे होती, तेथे घडलेल्या नजरेला तिसरे कपाट दिसू नये, यात नवल ते काय? हा दोष एकट्या बर्डवुड यांचा नव्हे. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक विद्वानांचे मत असेच होते. फरक इतकाच की इतरांना या देशातील वस्तूंविषयी फारसे प्रेम नव्हते, आणि यांना होते. म्हणून त्यांचे मत अधिक वजनदार ठरले.

१३ जानेवारी १९१० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये ई. बी. हॅवेल यांचे हिंदी कलाशिक्षणाच्या कारभारावर भाषण झाले. अध्यक्षस्थानी सत्त्याहत्तर वर्षांचे बर्डवुड होते. हिंदुस्थानात ललित कला नाही, हा आपला जुना निर्णय त्यांनी पुन्हा उच्चारला. जावा बेटातील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीचे चित्र समोर होते. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले की विकाररहित शांतीचे प्रतीकच हवे असेल, तर चरबी घालून उकडलेल्या पुडिंगचा गोळाही तितकाच चालेल.

सभेत खळबळ उडाली. २८ फेब्रुवारीच्या 'टाइम्स'मध्ये तेरा कलावंत आणि लेखकांनी सहीचे पत्र लिहून निषेध केला. बुद्धाची ध्यानमूर्ती ही जगातील थोर कलाकल्पनांपैकी एक आहे, असा त्याचा आशय. विल्यम रोथेन्स्टाइन हे सही करणाऱ्यांत होते. त्याच वर्षी हॅवेल, कुमारस्वामी, रोथेन्स्टाइन, श्रीमती हेरिंगहॅम आदी मंडळींनी 'इंडिया सोसायटी' स्थापन केली. रोथेन्स्टाइन हिंदुस्थानात आले, कलकत्त्याला ठाकुरांच्या वाड्यात गेले आणि तेथे रवींद्रनाथांशी त्यांची ओळख झाली. १९१२ साली रवींद्रनाथ लंडनला पोहोचले ते एक इंग्रजी वही घेऊन. याच इंडिया सोसायटीने येट्स यांच्या प्रस्तावनेसह 'गीतांजली'च्या साडेसातशे प्रती छापल्या. पुढच्या वर्षी नोबेल पारितोषिक आले. १९१५ साली याच संस्थेने श्रीमती हेरिंगहॅम यांच्या अजिंठा चित्रांच्या प्रतिकृतींचा ग्रंथ काढला. तो अजिंठा, जो आमच्या भोकरदनच्या अगदी शेजारी आहे.

एका संग्रहपालाच्या तोंडून निघालेल्या उद्गारातून 'गीतांजली'च्या पहिल्या आवृत्तीची वाट निघाली, असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल. रवींद्रनाथांची प्रतिभा कोणाच्या पुडिंगवर अवलंबून नव्हती. परंतु ज्या संस्थेने ते पुस्तक छापले, ती संस्था त्या संतापातून जन्माला आली, हे मात्र खरे. बर्डवुड यांना हे सारे पाहायला मिळाले. २८ जून १९१७ रोजी लंडनजवळ ईलिंग येथे त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा त्या हस्तिदंती बाईकडे येऊ. सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक छोटा लेख आहे. विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी, येथील रूपकर्म केले, असे तो सांगतो. ज्या स्तूपाच्या दानलेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावे आहेत, त्याच स्तूपाचे तोरण आरशाच्या मुठी कोरणाऱ्या जमातीच्या हातांनी कोरले आहे! त्या कारागिरांना हस्तव्यवसाय आणि ललित कला ही दोन कपाटे ठाऊक नव्हती. सकाळी फणी आणि दुपारी देवता, हात तेच. बर्डवुड यांनी आयुष्यभर जपले ते हेच हात. आणि याच हातांना त्यांनी शिल्पकाराचे नाव नाकारले. भाऊ दाजींच्या रीतीने त्यांनी दगडावरचे नाव वाचले असते, तर कदाचित त्यांचे कपाट बदलले असते.

ही गोष्ट आम्ही साहित्याच्या वाचकांपुढे का मांडीत आहोत? कारण आपणही संग्रहपाल आहोत. अभ्यासक्रम, वाङ्मयेतिहास आणि प्रश्नपत्रिका ही आपली कपाटे. जात्यावरची ओवी आपण प्रेमाने गोळा करतो, तिच्यावर प्रबंध लिहितो आणि 'लोकसाहित्य' अशी चिठ्ठी लावून ठेवून देतो. कवितेच्या तासाला ती काढत नाही. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली, म्हणून त्या 'कवयित्री' या खणात पोहोचल्या. मुलाने ती लिहून ठेवली नसती, किंवा एखाद्या संग्राहकाने निनावी ओव्या म्हणून टिपली असती, तर तेच शब्द आपण कोठे ठेवले असते? लावणीचे काय, भारुडाचे काय, वाघ्या-मुरळीच्या गाण्याचे काय? प्रेम आहे, पण पंगतीतली जागा वेगळी आहे. बर्डवुड यांचेही नेमके असेच होते.

त्यांची थट्टा करून आपण मोकळे होऊ नये, असे आम्हांला वाटते. त्यांनी ढिगाऱ्यातून संग्रह वाचविला, वर्गणी जमविली, देशी मित्राचे नाव झाडाला दिले. त्यांनी उभारलेल्या संग्रहालयाला १९७५ साली भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, हे बर्डवुड यांना रुचले नसते असे मानण्याचे काही कारण नाही; शंभर वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःच तसला प्रकार एकदा केला होता. चूक प्रेमाची नव्हती, चिठ्ठीची होती. आणि चिठ्ठी बदलता येते, मात्र ती कोणी तरी आपल्या हाताने सोडवून पुन्हा लिहावी लागते. येत्या वर्षी कवितेचा पहिला तास घेताना एखाद्या शिक्षकाने जात्यावरची एक ओवी फळ्यावर लिहावी आणि तिची चर्चा तिच्या घडणीवरून, प्रतिमेवरून, लयीवरून करावी. चर्चेच्या अखेरपर्यंत 'लोक' हा शब्द उच्चारू नये. एवढे झाले, तरी भोकरदनच्या त्या बाईला योग्य कपाट मिळाल्यासारखे होईल.